आधी गणित मांडा, मग जमीन मागा



तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे कोळशाचे वीजघर आहे. पाणी वैनगंगेचे. तरी उन्हाळी धान भिजवायला आपल्यातले कित्येक जण रात्री सापाविंचवातून मोटारीवर जात आले. म्हणून उन्हापासून रात्रीचीही वीज मिळेल असे कोणी म्हटले की आपले कान टवकारतात. टवकारावेतच; पण हिशेब विचारूनच मान डोलवावी.

सौर पॅनेल ढगाळ उजेडातही थोडीफार वीज देतात. सौर-औष्णिक वीजघराची जात वेगळी. तिथे आरसे ऊन एका जागी एकवटतात, त्या उष्णतेवर वाफ होते आणि टर्बाइन फिरते. वितळलेल्या क्षारांत उष्णता साठवली की दिवस मावळल्यावरही वीज मिळते. राजस्थानात नोख येथे आरशांचा ५० मेगावॅटचा संच २०१३ साली सुरू झाला. पण आरशाला थेट किरण लागतात. ढग आला की आरसा आंधळा. राजस्थानचे वाळवंट कुठे आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा कुठे!

आता शास्त्रज्ञ वाफेच्या जागी कार्बन डायऑक्साइड वापरू पाहतात. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या ७३ पट दाबापलीकडे हा वायू द्रवासारखा दाट होतो. टर्बाइन लहान होते, थंड करायला पाण्याऐवजी हवाही चालते, असे सांगतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याचा प्रयोगसंच उभारला गेला. पण मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५च्या घरात जातो. त्या हवेने वायू ३१ अंशांजवळ कसा आणणार? वायू गरम राहिला की तो दाबायलाच जास्त वीज खर्ची पडते. मग पाण्याची मागणी मागच्या दाराने येते.

हे सारे एक वीट रचण्याआधी संगणकावर तपासता येते. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाचे ऊन, तापमान, साठा आणि वीज मांडता येते. आयआयटी मुंबईने अशी प्रणाली घडवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची तर फुकट मिळते. मग वर्षाची सरासरी दाखवून आमची बोळवण का? सरासरी म्हणजे श्रावणाची झड आणि वैशाखाचे ऊन एकाच पोत्यात भरणे.

उद्या कोणी असा प्रकल्प घेऊन आला तर तीन आकडे मराठीत, ग्रामसभेपुढे मागा: पावसाळ्यात थेट ऊन किती तास? मे महिन्यात पाणी किती? रात्रीचे युनिट किती आणि काय भावाने?

ऊन फुकटचे आहे. आपली जमीन आणि वैनगंगेचे पाणी फुकटचे नाही.