मलई नसलेला मलईदार पास्ता



मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. माझी लेक कासू स्टेशनावरून गाडी पकडून पनवेलला कॉलेजात जाते. तिथे मैत्रिणींबरोबर व्हाइट सॉस पास्ता खाल्ला आणि घरी करायचा हट्ट धरला. सामान तिनेच आणले, रांधलेही तिनेच. दस्तरखान अंथरला, सगळे बसले. सासूबाईंनी ताटाकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "माझी भाकरी नि दुधीची भाजी आण गं. हे मला झेपायचं नाही."

सासूबाईंना मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. त्यांचे काही चुकले नव्हते. पण लेकीचा चेहरा उतरला. आपल्याकडे एका ताटात चार हात पडले की बरकत येते असे मानतो, आणि त्या दिवशी एकाच दस्तरखानावर दोन स्वयंपाक झाले. नातीने हौसेने केलेले आजीला चाखताही आले नाही, हे मला फार लागले.

रात्री भांडी आवरता आवरता मी लेकीला विचारले, "यात घातलेस तरी काय काय?" चार जणांसाठी 300 ग्रॅम पास्ता, 50 ग्रॅम लोणी, 200 मिलिलीटर क्रीम, मैदा, दूध आणि वर चीज. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो. क्रीमच्या पाकिटावर 25 टक्के लिहिले होते. म्हणजे लोण्यातून 40 ग्रॅम आणि क्रीममधून 50 ग्रॅम. दूध आणि चीज सोडूनच प्रत्येकाच्या वाट्याला 22 ग्रॅमच्या वर तूपलोणी! शिवाय 75 ग्रॅम कोरड्या पास्त्यात 50 ग्रॅमहून जास्त पिष्ट असते, आणि ते शेवटी रक्तात साखर होऊनच उतरते.

गंमत म्हणजे ज्या 'आल्फ्रेदो' पास्त्याच्या नावाने आज क्रीम ओतले जाते, त्यात मुळात क्रीम नव्हतेच. रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओने बाळंतीण बायकोला अन्न जाईना म्हणून तो केला, असे सांगतात. त्यात फक्त पास्ता, लोणी आणि चीज. दाटपणा यायचा तो घोटण्यातून. क्रीम पुढे अमेरिकेत शिरले. म्हणजे मलईदारपणा मलईवाचूनही येतो. मग तो आपल्या घरातल्या वस्तूंतून का आणू नये?

आमच्या छताला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. शेजारच्या अलिबागचा हा कांदा गोड, तिखटपणा कमी. मंद आचेवर शिजवून वाटला की लोण्यासारखा मऊ होतो. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घरात असतेच. आणि परसातल्या मांडवावर दुधी लटकलेला. दुधीत 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असते. त्याच्या लांब पट्ट्या पास्त्यात मिसळल्या की ताट भरलेले दिसते आणि पिष्ट कमी होते.

साहित्य (चार जणांसाठी)

कोवळा दुधी 600 ते 700 ग्रॅम, लांब पास्ता (स्पॅगेटी) 120 ग्रॅम, मध्यम पांढरे कांदे 4, लसूण पाकळ्या 6, दूध 2 कप, तांदळाचे पीठ 2 छोटे चमचे, घट्ट दह्याचा चक्का 3 मोठे चमचे, चीज 2 क्यूब, उकडून तंतू केलेले चिकन 250 ग्रॅम, तेल 3 छोटे चमचे, ताजी कुटलेली मिरी, कोथिंबीर, मीठ.

कृती

सगळ्यात आधी दुधीचा छोटा तुकडा कच्चाच चाखून पाहा. कडू लागला तर थुंका आणि तो दुधी फेकून द्या. कडू दुधीतल्या द्रव्याने उलट्या आणि रक्तस्राव होऊन माणसे दगावलेली आहेत. शिजवल्याने ते विष जात नाही. महागाचा दुधी म्हणून जीव अडकवू नका.

दुधी सोलून पीलरने उभ्या लांब पट्ट्या काढा. बियांपर्यंत आलात की थांबा. तो गाभा डाळीत घाला, साल चटणीला ठेवा. चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवून सुरीने शेवयांसारख्या उभ्या चिरा. वेगळे यंत्र लागत नाही.

कढईत दोन छोटे चमचे तेल, जाडसर चिरलेला कांदा आणि लसूण घालून मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटे शिजवा. रंग बदलू देऊ नका. कांदा अगदी मऊ झाला पाहिजे. अर्धाकच्चा राहिला तर दूध फाटण्याची भीती असते. गार झाल्यावर अर्धा कप दूध घालून मिक्सरमध्ये एकजीव वाटा. उरलेल्या गार दुधात तांदळाचे पीठ कालवून त्यात वाटण मिसळा आणि ढवळत चार-पाच मिनिटे शिजवा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की किसलेले चीज घालून आच बंद करा. दोन मिनिटे थांबून मगच फेटलेला चक्का घाला. उकळत्यात घातलात तर फुटेल.

पास्ता मिठाच्या पाण्यात उकडून घ्या, वाटीभर पाणी राखून ठेवा. मोठ्या तव्यात उरलेले चमचाभर तेल कडक तापवून दुधीच्या शेवया दोनच मिनिटे परता. झाकण ठेवू नका, मीठ घालू नका. पाणी सुटले तर ओतून टाका. आता सॉस, पास्ता आणि चिकन घालून हलक्या हाताने मिसळा. घट्ट वाटले तर राखलेले पाणी घाला. मीठ चाखून शेवटी, वर मिरी आणि कोथिंबीर. लगेच वाढा.

लक्षात ठेवा

पहिल्या वेळी मी दुधीला आधीच मीठ लावून झाकून ठेवले. सगळे पाणी सॉसमध्ये उतरले आणि लेक म्हणाली, "अम्मी, हा पास्ता की दुधीचं सार?" म्हणून वर मिठाचे आणि झाकणाचे बजावून सांगितले.

पास्ता पूर्ण काढून नुसता दुधी करू नका. तासाभरात भूक लागते आणि मुले बिस्किटांच्या डब्याकडे वळतात. पोट धरून ठेवते ते चिकन. ते नसेल तर पनीर किंवा उकडलेले चणे चालतील.

चिकनऐवजी कोळंबी घालायची असेल, पण मासळीबरोबर दूध खात नसाल, तर दूध, चीज आणि चक्का तिन्ही वगळून नारळाचा दुसरा, पातळ रस घ्या. पहिला दाट रस घातलात तर क्रीम टाळून काही मिळवले नाही, तोही स्निग्धच.

चीज घेताना हिरवा ठिपका पाहा. परदेशी परमेसान चीज परंपरेने वासराच्या जठरातल्या रेनेटने बनवतात. काही तयार सॉसमध्ये वाइनही असते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला आळस करू नका.

घरात कुणी इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल, तर ताटातले पिष्ट रोजच कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढेच राहिले तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

या पद्धतीने प्रत्येकाच्या वाट्याला पास्ता येतो 30 ग्रॅम, आणि दूध-चीज धरूनही स्निग्धांश पहिल्या ताटाच्या निम्म्याहून कमी. तरी ते औषध नव्हे, जेवण आहे. मधुमेह असलेल्यांनी एक वाटीच घ्यावी, सोबत काकडी-टोमॅटो भरपूर.

पुढच्या जुम्याला लेकीने हाच पास्ता मोठ्या थाळ्यात काढला आणि मधोमध ठेवला. सासूबाईंनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला, जरा चघळला आणि विचारले, "आमच्याच मांडवावरचा दुधी ना हा? मग त्या दिवशीच घातला असता तर!"

लेक हसली आणि थाळा आजीच्या बाजूला सरकवला. त्या दिवशी भाकरी वेगळी टाकावी लागली नाही.