बांधीतले पाणी आणि भूखंडाचा नकाशा : नागभीडच्या निमित्ताने

१/ धानाच्या बांधीत चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट दिसू लागले, की तेथे ‘ले-आउट’ पडणार, हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. ब्रॉडगेजची वाट पाहणाऱ्या गावाभोवतीच्या शेतांकडे भूखंड म्हणून पाहिले जाणारच. अशा अभिन्यासाला मंजुरी देताना काय तपासावे, याचे उत्तर या भागाच्या इतिहासात आहे.

२/ चांद्याच्या गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्यास जमीन मिळे. त्या देणगीला तुकूम म्हणत. (चंद्रपुरातील तुकूम वस्तीतून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?) मालगुजारांच्या काळातही तलाव होत राहिले. त्या कामात कोहळी समाजाचे कसब नावाजलेले होते.

३/ तलावाचे मर्म पाळीत जितके, तितकेच खालच्या शेतांत आहे. पाटाचे पाणी पहिल्या बांधीत येते; ती भरली की धुऱ्याच्या तोंडातून दुसरीत, तेथून तिसरीत उतरते. अतिवृष्टीत सांडव्यावरून सुटलेले पाणीही याच उतरणीने पसरत, मंदावत नाल्याला मिळते. सात-बारावर प्रत्येक शेत स्वतंत्र असले, तरी पाण्याच्या लेखी ते एकाच जिन्याची पायरी. मधली पायरी मुरूम टाकून उंच केली, तर वर पाणी तुंबते आणि खालचे धान वाळते.

४/ १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ‘माजी मालगुजारी’ तलाव लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भाचे दोन जुने दस्तऐवज टिकून राहिले : कलम १६१ चे निस्तार पत्रक आणि कलम १६५ चे वाजिब-उल-अर्ज. दुसऱ्यात सिंचनाच्या आणि वहिवाटीच्या रूढी नोंदवायच्या असतात.

५/ त्याच १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. अभिन्यास त्याखाली तपासला जातो : रस्त्याची रुंदी, भूखंडाचे आकारमान, ४,००० चौ.मी. वा अधिक क्षेत्र असल्यास १० टक्के खुली जागा. हे सारे आवश्यकच. नदी-नाल्यांसाठीही नियम आहेत. पण बांधीतून बांधीत उतरणारे पाणी नाला ठरत नाही, म्हणून त्याच्यासाठी नकाशावर रेघही नसते.

६/ पूर्वी अकृषक परवानगीच्या वेळी तहसील कार्यालयात आणखी एकदा चौकशी होई. संहितेत कलम ४२-ब व ४२-ड आल्यापासून विकास आराखड्यातील निवासी पट्ट्यात आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांत वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही. कटकट कमी झाली, हे चांगलेच. मात्र आता अभिन्यासाची छाननी हीच शेवटची चाळणी आहे.

७/ घरे नकोत, असे मी म्हणत नाही. निवृत्तीच्या पैशातून भूखंड घेणाऱ्या शिक्षकालाच पहिल्या पावसात घरात पाणी शिरल्याचा फटका बसतो. विकासक तोवर सारे भूखंड विकून मोकळा झालेला असतो.

८/ २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका गावतळ्यावरील बांधकाम पैसे भरून नियमित करण्यास नकार दिला. तेथे तळ्याची महसुली नोंद होती. बांधीतल्या पाण्याला तेवढाही आधार नाही. म्हणून नगरपरिषदेने आणि नगररचना कार्यालयाने मंजुरीपूर्वीच वाजिब-उल-अर्ज व गावनकाशा मागवावा, वरच्या-खालच्या शेतकऱ्यांना बोलवावे, एक पाहणी भर पावसाळ्यात करावी, आणि ती १० टक्के जागा कोपऱ्यात न टाकता पाण्याच्या वाटेवर लांबट पट्ट्यासारखी आखून घ्यावी.