काठी फोटोत असू द्या

आषाढातील एका रविवारी खंडाळ्याच्या बाजूला, कड्यापासून थोड्या अंतरावरील मोकळ्या जागेत एक कुटुंब छायाचित्रासाठी उभे राहिले होते. तीन पिढ्या, चौदा माणसे. सर्वांची जुळवाजुळव झाली आणि कुणीतरी म्हणाले, "आबा, तेवढी काठी बाजूला ठेवा, फोटोत बरी दिसत नाही." आबांनी काठी नातवाच्या हाती दिली, मागून कुणी हाक मारली म्हणून ते वळले आणि शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ते चालण्याच्या व्यायामासाठी माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा त्यांच्या सूनबाई पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत, "दोन मिनिटांचाच तर प्रश्न होता."

घरातील वडीलधाऱ्यांसह सर्वांचे एक चांगले छायाचित्र असावे, ही इच्छा मुळीच पोरकट नाही. पुष्कळ घरांत भिंतीवरची तसबीर आधार कार्डाच्या किंवा बँकेच्या पासबुकातील फोटोवरून मोठी करून घेतलेली असते, आणि ती पाहताना "आई अशा दिसत नव्हत्या हो" असे आल्यागेल्याला सांगावे लागते. म्हणून मुले गावी आली की लोणावळ्याला जाऊन फोटो काढण्याचा बेत ठरतो, हे योग्यच आहे. चूक होते ती जागा निवडताना. मागे काय दिसेल याचा विचार आधी होतो. तिथवर आजी कशा पोहोचतील, कुठे बसतील आणि परत कशा येतील, याचा विचार गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. मग एक तर त्यांना न झेपणारी चढण चढावी लागते, नाही तर "तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत" असे म्हणून त्या स्वतःच बाजूला होतात. सर्वांच्या फोटोत त्याच नसतात.

मावळातील प्रसिद्ध जागा या दृष्टीने एकदा तपासून पाहाव्यात. कार्ल्याची लेणी आणि शेजारचे एकवीरा आईचे मंदिर यांसाठी तळापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. भाज्याला आणि बेडशालाही पायऱ्या चुकत नाहीत. चढताना दम लागतो, तो दिसतो. उतरताना गुडघ्यावर येणारा भार मात्र अधिक असतो आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. एकवीरेच्या दर्शनाची ओढ असेल तर तो दिवस दर्शनाचाच ठेवावा. त्याच फेरीत फोटोसाठी आणखी अर्धा तास उभे करू नये. लोहगडाचे नाव 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून तिकडची ओढ वाढली आहे. परंतु गड फोटोत यावा म्हणून गड चढावा लागत नाही. वर गेल्यावर पायाखाली तटबंदी आणि समोर धुके असते; गडाचा पूर्ण आकार दिसतो तो खालूनच. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. पवना धरणाच्या बाजूला गेलात तर पाण्यापलीकडे तिकोना, तुंग आणि लोहगड असे एकेक दिसू लागतात. तेथे रस्त्यालगत सपाट जागा पाहून खुर्ची मांडावी. काठावरच्या ओल्या चिखलात मात्र उतरू नये.

पावसाळ्यातील वाहते पाणी मी सरळ वगळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वर डोंगरात पडलेली सर खाली काही मिनिटांत येऊन पोहोचते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी, 15 जून रोजी, कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. त्या वेळी पुलावर पर्यटकांची मोठी गर्दी होती. तरण्याताठ्या माणसांना जेथे सावरता आले नाही, तेथे गुडघे बदललेल्या माणसाला पायरीवर बसवून फोटो काढणे हे धाडसही नव्हे.

मग जावे कुठे? गावातच रायवूड उद्यान आहे. तेथील जुन्या मोठ्या झाडांची सावली चेहऱ्यावर मऊ पडते. राजमाची पॉइंट जुन्या महामार्गालगत असल्याने चालणे थोडे आहे, पण कठड्याजवळ वारा जोराचा असतो, त्यामुळे खुर्ची मागे घ्यावी आणि कानाला रुमाल बांधावा. धुके दाट असेल तर दम्याच्या रुग्णाने गाडीतून उतरण्याची घाई करू नये. माझ्या मते मावळातली सर्वांत सुंदर पार्श्वभूमी भाताच्या खाचरांची आहे. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. भाद्रपद-आश्विनात वडगावपासून कामशेतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो रंग असतो, त्याला कुठल्याही पॉइंटची सर नाही. तिकीट नाही, गर्दी नाही, माकडे नाहीत. शेतमालकाला विचारावे, एवढेच.

आता ज्याविषयी घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही, ते. शौचालय. फोटोला जायचे म्हटले की कित्येक आज्या सकाळपासून पाणी पिणे बंद करतात. काही जण लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या दिवशी गुपचूप टाळतात. पाणी कमी झाले की उठताना रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. तेव्हा निघण्यापूर्वीच, पाश्चात्त्य पद्धतीचे स्वच्छ शौचालय असलेले हॉटेल हेरून ठेवावे, न्याहारी तिथेच करावी, आणि फोटोची जागा तेथून दहा मिनिटांच्या आत असावी. "आई, सोय पाहून ठेवली आहे, पाणी प्या" हे वाक्य आदल्या रात्रीच सांगावे. ऐन वेळी सांगून त्यांचा विश्वास बसत नाही. गोळीच्या वेळेविषयी शंका असेल तर डॉक्टरांना फोन करावा, स्वतः फेरफार करू नये.

खुर्ची घरून न्यावी. हात असलेली, बैठक गुडघ्याच्या उंचीची. धरणाच्या कठड्यावर किंवा पारावर बसवू नये. तिथून उठताना धरायला काही नसते. जमीन ओली असेल तर खुर्चीच्या पायांखाली फळी घालावी. ज्येष्ठांना आधी बसवून मग इतरांना बोलावण्याची आपली पद्धत उलटी करावी. मुले, सुना, नातवंडे यांनी जागा घेऊन उभे राहावे, कॅमेरा तयार असावा, आणि मग आजोबांना आणून मधोमध बसवावे. फोटो झाल्यावर त्यांनी लगेच उठू नये. पावले चार-सहा वेळा वरखाली हलवून, क्षणभर थांबून उठावे.

मुंबईची मंडळी मरीन ड्राइव्हच्या सवयीने सूर्यास्ताच्या फोटोचा आग्रह धरतात. सूर्य पाठीशी असला तर चेहरे काळे पडतात. समोर असला तर मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांवर तिरीप येते आणि सगळे फोटो मिटल्या डोळ्यांचे निघतात. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यापैकी अनेकांची बेचैनी संध्याकाळी वाढते, हे निराळेच. सकाळची नऊची वेळ आणि ढगाळ आभाळ याहून चांगला उजेड नाही. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा चश्मा असेल तर तो ढगाळ हवेतही काळवंडतो, थंडीत अधिकच. साध्या काचांचा जुना चश्मा बरोबर घ्यावा.

विस्मरण असलेल्या आजींना पाच जणांनी पाच बाजूंनी "इकडे बघ" म्हणू नये. ज्याचा आवाज त्यांना ओळखीचा आहे, अशा एकानेच कॅमेऱ्याशेजारी उभे राहून बोलावे, आणि फोटो बोलण्याच्या ओघातच काढावा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी हाताची खूण ठरवून ठेवावी.

राहिला प्रश्न काठीचा, वॉकरचा, चाकाच्या खुर्चीचा. ती दिसावी की नाही, हे ज्यांची ती आहे त्यांना विचारावे. नको असेल तर आधी त्यांना खुर्चीवर बसवावे आणि मगच काठी घ्यावी, तीही हाताच्या अंतरावर राहील अशी. उभ्या माणसाच्या हातातून काठी कुणीही घेऊ नये, एका क्षणासाठीसुद्धा नाही.

आबांचा फोटो अखेर दसऱ्याला निघाला. त्यांच्याच शेताकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर, घरापासून शंभर पावलांवर, मागे लोंब्या भरलेले भात. चौदाही जण आहेत. काठी आबांच्या उजव्या हातात आहे, आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडच्या खाचरात पाणी किती साचले आहे ते बघत आहेत. सूनबाईंनी तोच फोटो मोठा करून घेतला.