छायाचित्रातला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या तबकातील जुना रुपया हा आपल्याकडील पुष्कळ घरांतील पिढीजात ठेवा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की तो एका घरी जातो आणि दुसऱ्या घरचे तबक रिकामे राहते. मग एखादी हौशी सून मोबाईलच्या पडद्यावर सयाजीरावांच्या छापाचा रुपया शोधू लागते. हौस स्तुत्यच आहे. परंतु सराफाच्या पेढीवर नाणे तळहातावर तोलता येते, त्याचा नाद ऐकता येतो. पडद्यावर उरते ते केवळ चित्र, आणि तेही विकणाऱ्याने निवडलेले!

प्रथम चकाकीविषयी. देवांची चांदीची उपकरणी आपण रांगोळीने, चिंचेने घासून लख्ख करतो. तोच न्याय नाण्याला लावला की त्याची किंमत उतरते, कारण घासण्याचे बारीक ओरखडे कायमचे राहतात. समोरून झगझगीत उजेड पाडून काढलेल्या छायाचित्रात हे ओरखडे नेमके लपतात. म्हणून तिरप्या उजेडातील चित्र मागवावे. नाणे हातात धरून हळूहळू कलते करीत घेतलेले चलच्चित्र मिळाले तर अधिकच उत्तम.

दुसरी गोष्ट कडेची. विक्रेते दोन्ही बाजू दाखवितात, कड सहसा दाखवीत नाहीत. साच्यात ओतून केलेल्या नकलेच्या कडेवर पुष्कळदा सांध्याची रेघ राहते, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे दिसतात आणि अक्षरे साबणाच्या वडीवरील अक्षरांसारखी बोथट असतात. तराजूवर ठेवलेल्या नाण्याचे चित्रही अवश्य मागावे. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असे. वापराने थोडी झीज होते, पण दोन ग्रॅमांची तूट झिजेच्या खाती टाकता येत नाही. लोहचुंबक चिकटत नाही, एवढ्यावर मात्र विसंबू नये. पितळेलाही तो चिकटत नाही.

हाताने पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत एक खूण फार उपयोगी आहे. शिवराई घ्या, किंवा सयाजीरावांच्या यंत्रावरील रुपयापूर्वीची गायकवाडी नाणी घ्या. ठसा आणि घाव यांचा मेळ दर वेळी निराळा बसे. कुठे ‘छत्रपति’मधील एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले, कुठे ठसा एका बाजूला सरकलेला. त्यामुळे दोन विक्रेत्यांकडील दोन शिवरायांवर तेच अक्षर तितकेच तुटलेले आणि तीच चीर त्याच जागी दिसली, तर एकाच नाण्याचे छायाचित्र दोघांनी वापरले आहे, किंवा त्या नाण्यावरून साचा काढून नकला ओतल्या आहेत. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला ही कसोटी तशीच लागू पडत नाही. तेथे वापराने पडलेले ओरखडे ताडून पाहावेत. ‘चित्र नमुन्यादाखल’ अशी तळटीप असेल, तर जे नाणे आपल्याला मिळणार त्याचेच चित्र मागावे, शेजारी त्या दिवशीच्या तारखेची चिठ्ठी ठेवून. सचोटीच्या व्यापाऱ्याला यात राग येण्याजोगे काही नाही.

काही नाण्यांची तर चित्रे खरी आणि नाणीच खोटी. राम, सीता, मारुती यांची चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ अशी अक्षरे असलेले आणे भाविकांना सर्रास विकले जातात. कंपनीच्या टाकसाळीतून असे नाणे कधी निघालेच नाही. त्याचे चित्र कितीही सुस्पष्ट असले तरी उपयोग काय?

‘तुमच्याजवळचे जुने नाणे लाखोंना घेतो, आधी शुल्क भरा,’ असे सांगणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून अशी फसवणूक होत असल्याचा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नसून त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे तिने तेव्हाच स्पष्ट केले.

आता खरेदीचा प्रश्न. नाणे पाहून परत करण्याची मुदत लेखी घ्यावी, पुडके उघडतानाचे चित्रण करावे आणि मुदत संपण्याआधी गावातील जाणत्या सराफाकडून वजन व कस पाहून घ्यावा.