दगडाचा अभ्यास करा, माणसाचा नको!

लोणारचं सरोवर आमच्या बुलडाणा जिल्ह्यात. आभाळातून दगड पडला आणि हा खड्डा झाला, हे शास्त्रज्ञांनी १९७३ साली पुराव्यानिशी जगापुढं मांडलं. साता समुद्रापलीकडचे विद्वान त्या खडकाचे नमुने नेतात, प्रबंध लिहितात. लिहू द्या. आमचं भांडण दगडाशी नाही.

भांडण आहे दिल्लीच्या एका कलमाशी. दलित, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, कारागीर यांच्या पोरापोरींना परदेशी शिकायला पाठवणारी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशाला मिळून जागा १२५. २०२२ साली सरकारनं तिच्या नियमात ओळ घातली : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवर संशोधन करायचं असेल तर पैसा मिळणार नाही. म्हणजे लोणारच्या पोरानं लोणारच्या खडकावर पीएच.डी. करावी, सरकार विमानाचं तिकीट काढील. पण त्याच तालुक्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी कोण देतं, कोण अडवतं, जमीन कुणाच्या नावावर, हे लिहायचं म्हटलं की तिजोरीला कुलूप! वर सांगतात, हे विषय इथंच शिकता येतात.

इथंच? ज्यांनी जात पाळली त्यांच्याच हाताखाली बसून जातीवर लिहायचं? त्यांच्याच सहीनं पास व्हायचं?

९ मे १९१६. न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पंचविशीतलं पोरगं, आपल्याच वयाचं. खिशात बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड. आजचं कलम तेव्हा असतं तर हा विषय पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. ज्या माणसानं देशाची घटना लिहिली, त्याचा निबंध आज सरकारी यादीत वर्ज्य! हसावं की दात-ओठ खावेत, तुम्हीच सांगा.

आणि पैसा मध्येच आटला की काय होतं, तेही बाबासाहेबांच्याच आयुष्यात बघा. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढं मास्तरकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांनी हात दिला, मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० ला पुन्हा बोट पकडली. तो मान खाली घालून बसणारा नव्हता म्हणून निभावलं. आता २०२५ चा जुलै बघा. केंद्रानं १०६ पोरं निवडली. पत्रं हातात दिली ४० जणांच्या. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं, निधी आला तर बघू. सप्टेंबरात तिकडं वर्ग सुरू होतात, इकडं पोरगं पोस्टमनची वाट बघतं.

अक्कल कमी म्हणून पोरं अडतात, हे बामणी थोतांड आहे. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचा राजू केंद्रे घ्या. भटक्या जमातीतलं शेतकऱ्याचं घर. मुक्त विद्यापीठातून पदवी, तुळजापूरच्या टिसमधून एम.ए., आणि २०२१ ला ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर थेट लंडन. आज त्याचं एकलव्य फाउंडेशन आपल्यासारख्यांच्या पोरांना अर्ज कसा भरायचा ते शिकवतंय. म्हणजे पोरं आहेत. वाट दाखवणारं माणूस पाहिजे. आणि वाटेत खड्डे किती! आधी जगातल्या पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकाचं प्रवेशपत्र आणा. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, तिची फी हजारांत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तहसीलच्या चकरा. ज्या आईची मजुरी कापूस वेचण्यात जाते, तिनं ही फी कुठून आणावी?

मी मॅट्रिक. गोदीत माल हलवतो, रात्री कविता लिहितो. मला एवढं कळतं : खामगावचा कापूस गोऱ्यांना हवा होता, तर १८७० साली त्यांनी बाजाराच्या दारापर्यंत आगगाडी नेली. कापसाच्या गाठीला कुणी दाखला मागितला नाही. माल सुटतो, माणूस अडतो. माल तोंड उघडत नाही, एवढाच फरक.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. २०२२ चं कलम रद्द करा. निवडलेल्या प्रत्येकाला वर्ग सुरू व्हायच्या आधी पैसा द्या. परीक्षेची आणि अर्जाची फी सरकारनं भरावी.

आणि दोस्तांनो, मुंबई-पुण्यात बसून नुसत्या घोषणा नकोत. ज्याला इंग्रजी येतं त्यानं गावाकडच्या एका पोरीला, एका पोराला धरा. अर्ज वाचून दाखवा, भरून घ्या, तारीख चुकू देऊ नका.

आमच्यावर शंभर वर्षं दुसऱ्यांनी प्रबंध लिहिले. आता नमुना म्हणून आम्ही पडून राहणार नाही. आमच्यावर आम्हीच लिहू, आणि जिथं पाहिजे तिथं बसून लिहू.

जयभीम!