झाडे फी देतात का?

गेल्या महिन्यात मगरिबच्या नमाजनंतर दारात एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा उभे राहिले. हातात मिठाईचा डबा होता. मुलगी पाच वर्षांचा कोर्स करून एलएल.बी. झाली होती. सातवी ते दहावी ती माझ्याकडे मराठी शिकली. उर्दू माध्यमाची असूनही निबंध नीट लिहायची, म्हणून लक्षात राहिलेली. अब्बांचे नालासोपाऱ्यात ग्रिल-दरवाज्यांचे छोटे वर्कशॉप आहे.

चहा झाला आणि अब्बांनी विषय काढला. ‘टीचर, तुम्हीच समजवा हिला. पाच वर्षं फी भरली. आता म्हणते, पर्यावरणाची वकिली करायची. झाडांची वकिली! झाडं फी देतात का?’

मुलगी मान खाली घालून हसली. मीही हसले, पण उत्तर माझ्याजवळ नव्हते. दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. कोर्टात जाणाऱ्या ओळखीच्या चार-पाच जणांना विचारले, थोडे वाचले. असाच प्रश्न आणखी काही घरांतून आला आहे, म्हणून ते उत्तर इथेच लिहिते.

पहिली गोष्ट अब्बांसाठी. पर्यावरणाचा वकील अशी वेगळी सनद नसते. सनद एकच. एलएल.बी. झाली की बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. नोंदणीसाठी पूर्वी वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेतले जात. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितले की कायद्यात आहेत तेवढेच, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये घ्यायचे. पर्यावरण कायदा हा विषय तर एलएल.बी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचाच आहे. म्हणजे मुलीने वेगळी गाडी पकडलेली नाही. गाडी तीच आहे, उतरायचे स्टेशन तेवढे तिने ठरवले आहे. उद्या मन बदलले तर दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक सगळी कामे तिला मोकळी आहेत.

दुसरी गोष्ट, हे काम असते तरी काय? झाडांना मिठी मारून बसणे नव्हे. बहुतेक काम कागदांचे आहे. कारखाना सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते, चालवायला पुन्हा वेगळे. त्यात सांडपाणी किती, कसे शुद्ध करायचे, कुठे सोडायचे, या अटी लिहिलेल्या असतात. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी बहुतेक वेळा जनसुनावणी होते. किनाऱ्यालगत बांधायचे तर सीआरझेडचे नियम. जंगलजमीन असेल तर १९८० चा वन कायदा, आदिवासींची वहिवाट असेल तर २००६ चा वनहक्क कायदा. कचऱ्याचे नियम वेगळे, पाणथळ जागांचे वेगळे. हे सगळे कागद वाचून कुठे अट मोडली गेली ते दाखवणे किंवा मोडली जाऊ नये म्हणून आधीच सांगणे, हे त्या वकिलाचे काम.

आपल्या जिल्ह्यात या कामाची काही कमी आहे का? वसईत जुलै २०१८ मध्ये पाणी भरले होते ते आठवा. लोकल बंद, वीज नाही, मिठागरातली माणसे अडकलेली. माझ्या वर्गातल्या मुलांची दप्तरे आठवडाभर गच्चीवर वाळत होती. पाणी जायच्या वाटा कुणी आणि कोणत्या परवानगीने बुजवल्या, याचे उत्तर शेवटी नकाशात आणि सातबाऱ्यावरच सापडते. खारफुटीचेही तसेच. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला आणि तिच्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला मनाई केली आणि २०१८ मध्ये तो निकाल पक्का केला. तरी भरणीचे डंपर रात्री येतातच. तक्रार कुणाकडे, कोणत्या कलमाखाली, सोबत कोणता पुरावा जोडून करायची, हे माहीत असणारा माणूस गावात एक तरी हवा.

वसईचा हा वारसा जुना आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने इथली हिरवाई आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणले, ते आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. पण रस्त्यावरच्या लढाईला कागदाची जोड मिळाली की काय होते, ते पाहायला विरारहून डहाणू लोकल पकडावी.

डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवले आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. अधिसूचना निघाली, पण पाळणार कोण? एका पर्यावरण मासिकाचे संपादक बिट्टू सहगल सुप्रीम कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ ला कोर्टाने सांगितले की, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली यासाठी वेगळे प्राधिकरण नेमा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. याच प्राधिकरणाच्या आदेशाने तिथल्या औष्णिक वीज केंद्राला धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. चिकूच्या वाड्या त्या धुराच्या पट्ट्यात होत्या.

पुढे काय झाले तेही सांगते, नाहीतर मुलीला अर्धीच गोष्ट कळेल. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला हिरवा कंदील दिला. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी. सुमारे ७६,००० कोटींचा प्रकल्प आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, रोजगाराची आशा धरणारेही आहेत. एकदा जिंकलेला खटला कायमचा जिंकलेला नसतो, हे या क्षेत्रात येणाऱ्याने आधीच मनाशी बांधून ठेवावे.

मधल्या वाटेवर तारापूर लागते. तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी जाते, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. न्यायाधिकरणाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि नुकसानीचा हिशेब कोट्यवधी रुपयांत मांडला गेला. एका मच्छीमार समाजाची संघटना आणि समोर इतके कारखाने! हे न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने आले. आपल्या भागासाठी त्याचे खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. मात्र मुदत कडक आहे. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी ६० दिवस. मंजुरीविरुद्ध अपील करायचे तर ३० दिवस, वर फार तर ६०. आपली माणसे आधी नगरसेवक, मग आमदार, मग वर्तमानपत्र असे करत वर्ष घालवतात आणि वकिलाकडे शेवटी येतात. तोवर दार बंद झालेले असते.

आता पैशाची गोष्ट. अब्बांचा खरा प्रश्न तोच आहे आणि तो रास्त आहे.

मच्छीमार आणि गावकरी फार फी देऊ शकत नाहीत. नुसत्या जनहिताच्या खटल्यांवर घर चालत नाही, असे मला प्रत्येकाने सांगितले. पगार देणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळात विधी अधिकारी असतात, त्यांची भरती अधूनमधून निघते. महापालिका आणि सरकारी महामंडळे वकिलांचे पॅनेल नेमतात. पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना कायदा जाणणारी माणसे लागतात. कारखान्यांना तर लागतातच. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल दरवर्षी देणे २०२२-२३ पासून सक्तीचे केले, त्यामुळे मुंबईच्या ऑफिसांत हे एक नवे टेबल तयार झाले आहे. २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात बऱ्याच गुन्ह्यांना कैदेऐवजी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आला, तो ठरवायला अधिकारी आले. म्हणजे त्यांच्यासमोर उभे राहणारेही हवेत. शिवाय एलएल.एम. आणि नेट करून कॉलेजात शिकवता येते. न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आधी तीन वर्षे वकिली आवश्यक केली आहे, ते ध्यानात ठेवावे.

कारखान्याच्या बाजूने काम केले म्हणजे ईमान विकले, असे मुलीला वाटत होते. मला तसे वाटत नाही. मालकाला ‘हे पाणी असे सोडता येणार नाही, यंत्रणा दुरुस्त करा’ असे आतून सांगणारा वकील कधीकधी बाहेरच्या दहा मोर्च्यांपेक्षा जास्त नदी वाचवतो. खोटा अहवाल करून द्यायला सांगितले तर नोकरी सोडायची, एवढी रेघ आपली आपण आखून ठेवावी.

पहिली दोन-तीन वर्षे मात्र ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्यावेत, असे सुचवले आहे. सुचवले आहे, सक्ती नाही. अनेक ठिकाणी याहून बरेच कमी मिळते आणि विरार-चर्चगेटचा पास आपल्याच खिशातून. घराने हा काळ धंद्यात भांडवल घालतो तसा धरला पाहिजे. मुलाला दुकान काढून देताना आपण तीन वर्षे नफ्याची वाट पाहतो. मुलीच्या बाबतीत सहा महिन्यांतच ‘काय कमावते?’ सुरू होते.

अब्बांना मी एकच वाट सुचवली. थेट पुण्याला किंवा मोठ्या संस्थेत धावू नये. आधी वसई कोर्टात एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाच्या हाताखाली दोन वर्षे काढावीत. जमीन, फेरफार, मोजणी, मनाईहुकूम हे हाडीमासी भिनले की पर्यावरणाचा खटला उभा करता येतो. त्याशिवाय तो नुसते भाषण होतो. सोबत एखादा दूरशिक्षणाचा पर्यावरण कायद्याचा डिप्लोमा करावा. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा तसा कोर्स आहे.

आणि भाषा. हे मी शिक्षिका म्हणून सांगते. न्यायाधिकरणाचे कामकाज इंग्रजीत चालते, पण सातबारा मराठीत, ग्रामसभेचा ठराव मराठीत, जनसुनावणी मराठीत. प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे नियमाने सक्तीचे आहे, आणि इंग्रजी अहवालात असलेली गोष्ट मराठी सारांशात गळते तेव्हा ती पकडणारा दोन्ही भाषांचा जाणकार लागतो. आपल्या उर्दू शाळांतून मराठी ‘पास होण्यापुरती’ शिकवली जाते, त्याची किंमत मुले अशा ठिकाणी मोजतात. उर्दू घरात राहतेच. मराठी कमावून घ्यावी लागते.

ज्यांची मुले आत्ता बारावीत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच वर्षांच्या कोर्ससाठी राज्याची सीईटी, पदवीनंतर तीन वर्षांच्या कोर्ससाठी वेगळी सीईटी. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. विज्ञान शाखेची पदवी घेऊन मग तीन वर्षांचे लॉ केले तर या क्षेत्रात उलट फायदाच होतो, कारण पाण्याचा तपासणी अहवाल वाचता येतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्ज मिळते. ओबीसी दाखला असलेल्या मुलींसाठी फी-माफीचा २०२४ चा शासन निर्णय आहे, त्याची कॉलेजात चौकशी करावी. दाखले वेळेवर काढून ठेवावेत, हे दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी जूनमध्ये धावपळ पाहते.

मुलगी आता वसई कोर्टात जाऊ लागली आहे. अब्बांनी वर्कशॉपमध्येच फायलींसाठी लोखंडी कपाट बनवून दिले. तोंडाने अजून ‘बघू’ म्हणतात. परवा रात्री तिचा फोन आला, ‘टीचर, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय, म्हणजे काय?’ शेतातला लागवडीला न येणारा तुकडा, मी म्हटले, आणि खाजणाच्या कडेची जमीन असेल तर तो शब्द नीट बघ, तिथे आता काय उभं आहे ते जाऊन पाहा. ती म्हणाली, पाहून आले. चार मजली इमारत आहे.

पुढच्या अंकात नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल लिहीन. बऱ्याच बहिणींची पत्रे आली आहेत.