इगतपुरी: घाटमाथ्यावरील रेल्वेचें गांव

आपल्या देशांतील जुनीं गांवें नदीच्या कांठीं, किल्ल्याच्या पायथ्याशीं किंवा एखाद्या क्षेत्राच्या आश्रयानें वसलीं. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांत गांवांची एक नवी जात महाराष्ट्रांत निर्माण झाली. भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी हीं त्या जातीचीं गांवें होत. त्यांचा संसार रेल्वेनें उभा केला. प्रवासी तेथें चहा पितो, खिडकींतून दोन क्षण बाहेर पाहतो आणि पुढें जातो. त्या फलाटामागें हजारों माणसें राहतात हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. आतां तर अशीं गांवें संपलीं, असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. हें म्हणणें कितपत खरें आहे याचा विचार इगतपुरीच्या उदाहरणावरून करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम भूगोल पाहूं. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या अगदीं माथ्यावर वसली आहे. कळसूबाईचें ५४०० फूट उंचीचें शिखर याच तालुक्याच्या सीमेवर उभें आहे. येथें पडणाऱ्या पावसाचें पाणी दोन वाटांनीं जातें. पश्चिमेकडे उतरलेलें पाणी भातसेसारख्या नद्यांतून अरबी समुद्रास मिळतें. पूर्वेकडे वळलेलें पाणी दारणेतून गोदावरींत आणि तेथून थेट बंगालच्या उपसागरांत जातें. एकाच डोंगरावरच्या दोन थेंबांची गति इतकी भिन्न! आणि हाच डोंगर गांवाच्या जन्माचें कारण झाला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सव्वानऊ मैलांत लोहमार्गाला ९७२ फूट चढावें लागतें. दर ३७ फुटांस १ फूट असा हा जास्तींत जास्त चढ आहे. असा चढ एकट्या इंजिनास चढवेना. म्हणून घाटाच्या पायथ्याशीं जादा इंजिनें लावावयाचीं व माथ्यावर सोडावयाचीं हा क्रम ठरला. माथ्यावर इंजिन सोडावयाचें म्हणजे तेथें माणसें हवींत, पाणी हवें, कोळसा हवा, दुरुस्तीचीं हत्यारें हवींत. इतकें जमलें कीं गांव झालें.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं थळ व बोर या दोन्ही घाटांची आंखणी केली. पण थळ घाटांतून गाडी जातांना पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें नाहीं. ते १८६२ सालीं वारले आणि घाटाचा मार्ग १८६५ सालीं खुला झाला. बोगदे खोदतांना, दऱ्यांवर पूल बांधतांना साथींनीं आणि अपघातांनीं कित्येक मजूर दगावले. त्यांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत. पुढें १८७० सालीं जबलपूर येथें दोन्ही बाजूंचे मार्ग जोडले गेले व मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग इगतपुरीवरून अखंड झाला.

१९३० सालीं घाटांत वीज आली. तेव्हांच्या त्या लांबट, दोन्हीकडे नाक काढलेल्या इंजिनांना लोक कौतुकानें ‘खेकडा’ म्हणत. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या शेवटीं इगतपुरीच्या पुढें दुसऱ्या प्रकारच्या विजेचा मार्ग झाला. मुंबईकडे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, तर भुसावळकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. एका विजेचें इंजिन दुसऱ्या विजेवर चालेना. म्हणून विजेवर चालणाऱ्या गाड्यांचें इंजिन येथें बदलावें लागे. गांवाचें महत्त्व त्यामुळें आणखीच वाढलें. पण १९९० नंतर दोन्ही प्रवाहांवर चालणारीं इंजिनें आलीं, आणि २०१५ पर्यंत मुंबईपावेतों सर्वत्र एकच प्रवाह झाला. २०१९ सालीं मुंबईहून या मार्गानें सुरूं झालेली राजधानी गाडी पुढें व मागें अशीं दोन इंजिनें घेऊन घाट चढूं लागली. २०२३ पासून शिर्डीस जाणारी वंदे भारत गाडी तर जादा इंजिनावांचूनच वर येते. पुष्कळ गाड्यांना अजूनहि मागून जोर द्यावा लागतो हें खरें. तथापि वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे. ज्या अडचणीमुळें गांव जन्मलें, ती अडचण विद्येनें हळूहळू दूर होत आहे.

मग गांव संपलें काय? मला तसें वाटत नाहीं. गाडी थांबते तोंवर गांव, असें मानणें म्हणजे गांवाला फलाटाएवढेंच समजणें होय. रेल्वेनें या गांवांना नोकरीपेक्षां मोलाच्या दोन गोष्टी दिल्या. पहिली, परक्यांशीं शेजार करण्याची संवय. मराठी, उत्तर हिंदुस्थानी, गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, मुसलमान, ख्रिस्ती, सर्वांचीं बिऱ्हाडें रेल्वेच्या चाळींत एका भिंतीला लागून होतीं. रात्रपाळीस गेलेल्याच्या घरीं आजारी मूल असेल तर शेजारणीनें रात्र काढावी, तेथें जात कोण विचारणार? दुसरी गोष्ट म्हणजे न दिसणाऱ्यावर विश्वास. घाटांत गाडीच्या पुढच्या ड्रायव्हरला मागच्या इंजिनावरचा माणूस दिसत नाहीं. तरी दोघांनीं एकाच वेळीं नेमकें काम करावें लागतें. मागचा गाडी वर पोंचवितो, कडी सुटते आणि तो मुकाट्यानें परत खालीं जातो. प्रवाशांना त्याचें तोंडहि माहीत नसतें. सेवाधर्माचा धडा याहून चांगला कोठें मिळेल?

परंतु एक दोष सांगणें प्राप्त आहे. रेल्वेच्या गांवांनीं तोंड नेहमीं रुळांकडे ठेवलें आणि पाठ भोंवतालच्या मुलुखाकडे केली. इगतपुरीभोंवतीं महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांचे पाडे आहेत. पावसाळ्यांत येथें १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. दारणेचें धरण १९१६ मध्यें पुरें झालें व त्याचें पाणी खालीं कोपरगांवच्या बाजूच्या मळ्यांना मिळालें; वैतरणेचें वरचें धरणहि याच तालुक्यांत असून त्याचें पाणी मुंबई पिते. आणि कित्येक पाड्यांतल्या बायाबापड्या मात्र चैत्र-वैशाखांत डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट तुडवितात. ज्या डोंगरानें दोन समुद्रांना पाणी वांटलें, त्याच्याच अंगावर तहान असावी, ही आपणां सर्वांस लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

पालकांस येथें एक नम्र विनंती आहे. ‘बापाप्रमाणें मुलगाहि रेल्वेंत चिकटला म्हणजे सुटलों’ ही इच्छा स्वाभाविक आहे. त्या नोकरीनें कित्येक कुटुंबें वर आलीं, तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण नोकऱ्या आतां पूर्वींसारख्या उरलेल्या नाहींत. शिवाय नवीं साधनें आपोआप गांवाचें भलें करतील या भ्रमांतहि राहूं नये. १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेसाठीं देशोदेशींचे साधक येतात. २०२५ सालीं समृद्धि महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि मोटारी डोंगराच्या पोटांतून सुमारें ८ किलोमीटरच्या बोगद्यानें जाऊं लागल्या. येणारे येतील, जाणारे जातील. गांव जगावयाचें तें गांवच्या व पाड्यांच्या माणसांनीं एकमेकांना धरल्यानेंच. घोटीच्या भातगिरण्या पाड्यांतल्या भातावर चालतात. पाड्यांना शिक्षक, परिचारिका, विहिरी व पंप दुरुस्त करणारे कारागीर हवे आहेत. ही मागणी दाराशीं उभी असतां आपलीं मुलें केवळ मुंबईच्या गाडीकडे डोळे लावून कां बसावींत?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाहि आजच करतां येण्याजोगीं कामें आहेत. गांवांत जे म्हातारे ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले, गँगमन हयात आहेत त्यांच्यापाशीं बसा, घाटांतल्या त्यांच्या आठवणी वहींत उतरून घ्या. तीं माणसें गेल्यावर तें ज्ञान पुन्हां मिळणार नाहीं. पर्जन्यमापक घेऊन शाळेच्या आवारांतला पाऊस मोजा आणि त्याच तालुक्यांतील एखाद्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यांत आटते तें टिपून ठेवा. हे दोन आंकडे शेजारीं मांडले कीं भूगोलाचें पुस्तक एकदम जिवंत होईल, आणि कदाचित् ते आंकडे पाहून मोठ्यांनाहि जाग येईल.

शुभवर्तमानांतील एका दासानें धन्याचा ठेवा भयानें जमिनींत पुरून ठेवला व तो दोषी ठरला. शेजारधर्म, वक्तशीरपणा आणि मागें राहून दुसऱ्याला वर चढविण्याची कला, हा रेल्वेनें आपणांस दिलेला ठेवा आहे. गाड्या थांबेनाशा झाल्या म्हणून तो पुरून टाकूं नये. घाट अजून पुष्कळांना चढावयाचा आहे.